खरोखर नांगी टाकणारे विंचू

मुंबईचा डाव गडगडला की सकाळच्या लोकलमध्ये कुणाच्या तरी पेपरात ते वाक्य हमखास दिसतं : 'तळाच्या फलंदाजांनी नांगी टाकली.' अर्थ सगळ्यांना कळतो, चटकन हार मानली. पण नांगी म्हटलं की मुंबईकराला बाजारातल्या चिंबोरीचे नांगे आठवतात. वाक्प्रचारातली नांगी विंचवाची आहे.

आणि 'टाकणे' म्हणजे इथे फेकणे नव्हे. पाण्यावाचून रोप मान टाकतं, आजारी गुरं अंग टाकतात, तसंच हे. ताठ होतं ते सैल पडणं. डिवचलेला विंचू नांगी पाठीवर कमानीसारखी उभारतो. अंगातला जोर सरला की तीच नांगी खाली पडते.

विंचू जाळात सापडला की स्वतःला डंख मारून जीव देतो, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खोटं आहे. उष्णतेने त्याचे स्नायू आखडतात आणि नांगी वेडीवाकडी वळते, एवढंच. स्वतःच्या विषाला तो बऱ्याच अंशी दाद देत नाही. विंचू 'उतरवणारे' मांत्रिकही असेच. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रुजवलं. मंत्राने कुणाचं विषाने बिघडलेलं हृदय सावरलेलं नाही.

आता खरी गंमत. दक्षिण अमेरिकेतले अनँटेरिस वंशाचे विंचू नांगी अक्षरशः तोडून टाकतात! हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झालं. आपण विंचवाची शेपटी म्हणतो ती खरं तर त्याच्या पोटाचाच निमुळता भाग, उसासारखी पाच पेरं असलेला. त्यातून आतडं जातं, पाचव्या पेराच्या टोकाशी गुदद्वार असतं आणि त्यापुढे विषाची कुपी व काटा. अनँटेरिसमध्ये सुरुवातीच्या पेरांच्या सांध्यांवर तुटण्याची जागा आधीच तयार असते. शत्रूने शेपटी धरली की विंचू हिसका देतो, सांधा तुटतो, तुटका तुकडा वळवळत राहतो आणि मालक पळतो. जखम काही दिवसांत भरते. पण पालीसारखी शेपटी पुन्हा उगवत नाही, आणि गुदद्वारही तुकड्याबरोबर गेलेलं असतं. विष्ठा आत साचत जाते, पोट फुगतं. काटा नसल्याने भक्ष्यही छोटंच पकडता येतं.

असा नर तरीही आठ महिन्यांपर्यंत जगू शकतो, आणि मादी भेटली तर तिच्याशी जुगतोही.