क्वॉरी (मृगयेतील इंग्रजी संज्ञा)

क्वॉरी ही इंग्रजी मृगयेच्या परिभाषेतील एक जुनी संज्ञा आहे. आज तिचा अर्थ ‘ज्याचा पाठलाग चालला आहे असा प्राणी’, म्हणजे मराठीतील सावज, असा होतो आणि लक्षणेने ती पोलिसांना हव्या असलेल्या फरारी माणसालाही लावली जाते. मध्ययुगीन शिकाऱ्यांच्या तोंडी मात्र ती जिवंत प्राण्यासाठी नव्हती. हरीण मारून, सोलून, फोडून झाल्यावर त्याच्या कातड्यावर आतडी व काळीज मांडून शिकारी कुत्र्यांना जो वाटा देत, तो क्वॉरी, हा तिचा सर्वांत जुना ज्ञात अर्थ होय. तेथून ती मारलेल्या जनावरांच्या राशीवर, पुढे ससाण्याने टिपायच्या पक्ष्यावर आणि अखेरीस कोणत्याही धावत्या सावजावर गेली. म्हणजे शिकारीच्या शेवटच्या प्रसंगाचे नाव क्रमाक्रमाने तिच्या आरंभाकडे सरकत गेले. दगडाची खाण या अर्थाचा समोच्चारी शब्द निराळ्या कुळातला असून त्याचा विचार येथे केवळ अनुषंगाने केला आहे.

नॉर्मन विजयानंतर (१०६६) इंग्लंडच्या राजदरबारात फ्रेंच भाषेबरोबर शिकारीची फ्रेंच परिभाषाही रुजली आणि हा शब्द त्याच वाटेने इंग्रजीत आला, याविषयी मतभेद नाही. मध्य इंग्रजीत तो चौदाव्या शतकापासून क्विरे, क्वेरे अशा रूपांत आढळतो. मतभेद आहे तो त्यामागच्या फ्रेंच शब्दाच्या मुळाविषयी. एका मताप्रमाणे तो क्विर (कातडे, लॅटिन कोरियम) या शब्दापासून सरळ साधला गेला, कारण कुत्र्यांचा वाटा कातड्यावर मांडला जाई. या मताला आधार देणारी एक गोष्ट अशी, की फ्रेंच मृगयाग्रंथांत रानडुकराच्या शिकारीनंतर कुत्र्यांचा वाटा विस्तवावर भाजून दिला जाई व त्याला अग्निवाचक शब्दावरून बनलेले वेगळे नाव होते. म्हणजे वाटा कसा वाढला यावरून त्याला नाव देण्याची रीत शिकाऱ्यांत होतीच. दुसऱ्या मताप्रमाणे शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधील कोरे (आतडी, काळीज, फुप्फुसे यांचा समूह) यात असून ते उत्तरकालीन लॅटिनमधील कोराटा या रूपामार्गे कोर म्हणजे हृदय या शब्दापर्यंत जाते. हृदयाच्या नावाने सगळ्या अंतर्भागाचा बोध व्हावा हे मराठी वाचकाला नवल वाटू नये. आपले ‘काळीज’ खाटकाच्या दुकानात यकृत असते आणि कवितेत हृदय. तिसरे मत क्युरे (साफ करणे, पोट साफ करणे) या क्रियापदाकडे बोट दाखवते. आजच्या फ्रेंच उच्चारात हे क्रियापद आणि कुत्र्यांच्या वाट्याचे नाव यांत काहीच फरक उरलेला नाही, पण जुन्या भाषेत ती रूपे इतकी एकसारखी नव्हती, त्यामुळे या साम्यावर फार भर देता येत नाही. ‘शोधणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाशी शब्दाचा संबंध जोडण्याचा जुन्या कोशकारांपैकी काहींचा प्रयत्न आता मागे पडला आहे. त्यामागे बहुधा शब्दाचा नवा अर्थच मूळ अर्थ समजण्याची चूक असावी.

अलीकडील कोशांचा कल पहिल्या दोन मतांचा मेळ घालण्याकडे आहे आणि तो अधिक ग्राह्य वाटतो. मूळ शब्द आतड्यांचा वाचक होता. कातड्यावर वाढण्याच्या रिवाजामुळे तो बोलणाऱ्यांच्या मनात कातड्याच्या शब्दाशी जोडला गेला आणि त्याचा स्वर त्याप्रमाणे बदलला, असे मानले की अर्थ आणि ध्वनी या दोहोंचा उलगडा होतो. सेंट ऑल्बन्स येथे १४८६ साली छापल्या गेलेल्या मृगयाविषयक पुस्तकात कुत्र्यांचा हा वाटा कातड्याशी निगडित असल्यामुळेच त्याला हे नाव पडले, असे म्हटले आहे. हा उल्लेख व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून अनेकदा पुढे केला जातो. परंतु तो शिकाऱ्यांच्या समजुतीचा पुरावा आहे, व्युत्पत्तीचा नव्हे. किंबहुना अशाच समजुतीने शब्दाचे रूप घडवले असण्याचा संभव अधिक.

इंग्रजीत आल्यावरचा ध्वनिबदल मात्र सरळ आहे. उत्तर मध्य इंग्रजीत ‘एर’ या ध्वनिसमूहाचा पुष्कळ शब्दांत ‘आर’ झाला. आजचे फार्म, स्टार हे शब्द याच बदलाने सिद्ध झाले. क्वेरे याचे क्वारे त्यातूनच झाले आणि पुढे ‘व’ ध्वनीच्या सान्निध्यामुळे त्यातील स्वर गोलाकार होऊन क्वॉरी हा उच्चार आला, जसा युद्धवाचक ‘वेर’ याचा ‘वॉर’ झाला. या बदलांमुळे तो खाणवाचक क्वॉरी या शब्दाशी एकरूप झाला. खाणवाचक शब्द लॅटिनमधील चौकोनवाचक शब्दापासून, म्हणजे दगडाचे चौकोनी ठोकळे घडवण्याच्या कल्पनेतून आलेला आहे. खिडकीच्या तिरप्या चौकोनी काचेचे आणि आडधनुष्याच्या चौकोनी टोकाच्या बाणाचे जुने नावही त्याच कुळातले.

या विधीचे तपशीलवार काव्यगत वर्णन ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काव्यात सापडते. त्याचे एकमेव हस्तलिखित सु. १४०० मधील मानले जाते. मारलेली हरणे कशी सोलायची, कोणता भाग कोणत्या क्रमाने काढायचा हे कवी जाणकाराच्या नजरेने सांगतो. एक कुर्चेचा तुकडा कावळ्यांचा हक्क म्हणून झाडीत फेकला जातो. त्यानंतर काळीज, फुप्फुसे आणि वजडी यांत रक्तात भिजवलेला पाव मिसळून ते कुत्र्यांपुढे ठेवतात. गंमत अशी, की या साऱ्या प्रसंगात क्वेरे हा शब्द कुत्र्यांच्या वाट्यासाठी आलेलाच नाही. तो त्याआधी येतो, आणि तेथे त्याचा अर्थ मारलेल्या हरणांची एकत्र घातलेली रास असा आहे. म्हणजे चौदावे शतक संपण्याआधीच शब्द कातड्यावरून उतरला होता. अर्थांतराची तारीख पंधराव्या शतकात ढकलणारी विवेचने या एका ओळीपुढे टिकत नाहीत.

राशीच्या अर्थाला दरबारी स्वरूप कसे होते, हे एडवर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क याच्या ‘द मास्टर ऑफ गेम’ या ग्रंथावरून कळते. तो सु. १४०६ ते १४१३ या काळात लिहिला गेला असून त्याचा बराचसा भाग गास्तों फेबूस याच्या १३८७ मध्ये आरंभलेल्या फ्रेंच ग्रंथाचे भाषांतर आहे. राजाच्या शिकारीचे वर्णन मात्र एडवर्डचे स्वतःचे आहे. हाकारा करून धनुष्यबाणाने मारलेली हरणे एका जागी आणून ओळीने मांडावीत, सर्वांची डोकी एका दिशेला व एकाचे पाय दुसऱ्याच्या पाठीकडे असावेत, मोठे नर वेगळ्या ओळींत व इतर जनावरे वेगळी ठेवावीत आणि मग शिकारखान्याच्या प्रमुखाने राजाला तेथे नेऊन ती दाखवावीत, असे तो सांगतो. येथे क्वॉरी म्हणजे रास, ती मांडण्याची जागा आणि ती दाखवण्याचा समारंभ, हे तिन्ही होते. स्वतः एडवर्ड १४१५ मध्ये आझँकूरच्या लढाईत मारला गेला.

मेलेल्या जनावरांकडून जिवंत प्राण्याकडे शब्दाला नेणारा दुवा ससाण्याच्या शिकारीत असावा. ससाणा ज्या पक्ष्यावर सोडायचा त्या पक्ष्याला क्वॉरी म्हणण्याचा प्रघात पंधराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. कुत्र्यांच्या शिकारीत बक्षीस आणि लक्ष्य यांत बराच वेळ व बरीच कापाकापी असते; ससाण्याला मात्र मारलेल्या पक्ष्याचाच घास जागच्या जागी देऊन शिकवले जाते, त्यामुळे त्याच्या बाबतीत बक्षीस व लक्ष्य एकच ठरते. अर्थ पालटण्याचे हे कारण तर्काने सुचणारे आहे. कुत्र्यांनी पिटाळलेले कोणतेही जनावर आणि लक्षणेने हौसेने मिळवू पाहिलेली कोणतीही वस्तू, हे अर्थ सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून आढळतात.

शेक्सपिअरच्या नाटकांत जुना राशीचाच अर्थ प्रबळ आहे. ‘मॅकबेथ’च्या चौथ्या अंकात मॅकडफला त्याच्या बायकोमुलांच्या हत्येची बातमी देणारा रॉस त्यांना मारलेल्या हरणांची क्वॉरी म्हणतो, हरीण आणि प्रियजन या अर्थांच्या समोच्चारी इंग्रजी शब्दांवर तेथे श्लेष आहे. ‘हॅम्लेट’च्या शेवटी प्रेतांनी भरलेला दरबार पाहून फॉर्टिनब्रास हाच शब्द उच्चारतो, तर ‘कोरिओलेनस’मध्ये नायक हजारो लोकांची अशी रास घालण्याची भाषा करतो. ‘मॅकबेथ’च्या पहिल्या अंकातील एका ओळीचा पाठ मात्र वादग्रस्त आहे. १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील संग्रहात) तेथे क्वॉरी असे छापले आहे, पण अठराव्या शतकातील संपादकांनी त्या जागी कलह किंवा लढ्याचे कारण या अर्थाचा ‘क्वॉरल’ हा शब्द घातला. नाटकाचे कथानक ज्या हॉलिनशेडच्या बखरीवरून घेतले आहे तिच्यात त्या प्रसंगी तोच शब्द असल्यामुळे दुरुस्तीला वजन येते. तरीही फोलिओचा पाठ अगदीच निरर्थक ठरत नाही, आणि काही आधुनिक संपादक तोच ठेवतात.

फ्रेंच भाषेत शब्दाने उलट वाट धरली. तेथे क्युरे हे नाव आजही कुत्र्यांच्या वाट्यालाच आहे आणि कर्ण्याच्या सुरांबरोबर चालणारा तो विधी कुत्र्यांच्या साह्याने होणाऱ्या शिकारीत टिकून आहे. लक्षणेने त्याचा अर्थ लुटीवर तुटून पडणे असा झाला. एमिल झोला याने पॅरिसच्या पुनर्रचनेतील जमिनींच्या सट्ट्यावरील कादंबरीला (१८७२) हेच नाव दिले. इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार २००४ च्या कायद्याने बंद झाली व तो फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला. ज्या पक्ष्यांची हंगामात बंदुकीने शिकार करण्यास ब्रिटनमध्ये मुभा आहे, त्यांना तेथील बंदूकधारी शिकारी अजूनही क्वॉरी म्हणतात.

मराठीत या संज्ञेला सावज, भक्ष्य, शिकार असे पर्याय देण्याचा प्रघात आहे. ‘सावज टप्प्यात येणे’ या वाक्प्रचारातील सावज नेहमी जिवंत असते, म्हणून ते केवळ नव्या अर्थाला पुरे पडते. मध्ययुगीन मजकुरात ते घातल्यास अर्थ बिघडतो, तेथे रास किंवा ढीग म्हणणे भाग आहे. ‘शिकार’ हा फारसीतून आलेला शब्द कृती आणि मारलेले जनावर या दोन्ही अर्थांनी चालत असल्याने त्यातल्या त्यात जवळचा आहे. कुत्र्यांच्या वाट्याला मात्र मराठीत एकशब्दी पर्याय रूढ नाही. महाराष्ट्रात खडी काढण्याच्या जागेला बोलीत सर्रास क्वॉरी म्हणतात, तो शब्द अर्थातच दुसऱ्या, खाणवाचक कुळातला आहे.