तीन भाऊ, एक माळवद आणि मूल्यांकनाची फी

दिवाणी दाव्यात खाजगी घराची किंमत सरकारी अभियंत्याकडून काढून घ्यायची, हे सोलापूरकरांना नवं नाही. पेठेतलं घर तीन भावांचं, भिंती दगडमातीच्या, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. त्याचे तीन तुकडे पडत नाहीत. मग एकाने घर ठेवायचं आणि बाकीच्यांना पैसे द्यायचे. किती द्यायचे, ते कोर्टाने किंमत काढून ठरवायचं, ही वाट १८९३ च्या वाटणी कायद्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या आदेश २६ प्रमाणे कोर्ट कमिशनर (कोर्टाच्या वतीने पाहणी करणारा, इथे सरकारी अभियंता) नेमून बाजारभाव काढता येतो आणि त्याचा खर्च ज्याच्या मागणीवरून किंवा ज्याच्या फायद्यासाठी नेमणूक झाली, त्याच्याकडून आधी भरून घेता येतो.

इथवर सरळ आहे. गुंता ‘फी’ या शब्दात आहे. कोर्ट फी वेगळी. ती दाव्याच्या मूल्यांकनावर बसते, म्हणून दावा लावताना घर हटकून स्वस्त असतं आणि वाटणीच्या वेळी तेच घर महाग होतं. अभियंत्याची फी याहून निराळी; ती त्याच्या खिशात जावी की तिजोरीत, हा वाद. सरकारी नोकरांच्या १९२२ पासूनच्या सेवा नियमांत ‘मानधन’ म्हणजे सरकारी तिजोरीतून मिळालेला मोबदला आणि ‘फी’ म्हणजे तिजोरीबाहेरून आलेला. महाराष्ट्राच्या १९८१ च्या नियमांतही हा भेद टिकला. पक्षकाराने भरलेले पैसे या व्याख्येत ‘फी’त बसतात खरे, पण कोर्टाच्या हुकमावरून, कचेरीच्या वेळात केलेली मोजणी हे खाजगी काम कसं? माझ्या मते ते कर्तव्यच आहे आणि पैसा चलनाने (सरकारी भरणा पावतीने) तिजोरीतच जायला हवा. दुसरी बाजू म्हणते की नेहमीचं काम बाजूला ठेवून कोर्टात साक्षीला उभं राहायचं, तर मोबदला नको का?

आकारणी टक्केवारीने करावी का, हा वाद त्याला जोडूनच आला. संपत्ती कराच्या नियमांत नोंदणीकृत मूल्यांककांच्या फीला उतरती कमाल मर्यादा होती: पहिल्या ५ लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या १० लाखांवर एक पंचमांश टक्का, आणि असंच खाली. त्या हिशेबाने १५ लाखांच्या घराला फार तर ४,५०० रुपये. किंमत चढली की फी चढते, हा त्यातला उघड दोष. संपत्ती कर २०१६-१७ या कर निर्धारण वर्षापासून गेला, दोष मात्र ज्याला त्याला पाठ आहे.

माळवदाच्या घरात दोष उलटा फिरतो. जुन्या खरेदीखतात घर खणांत (दोन तुळयांमधल्या गाळ्यांत) लिहिलेलं, मोजायचं चौरस मीटरमध्ये. चौथऱ्याच्या क्षेत्रफळावर दर लावून घसारा वजा केला की बांधकामाची किंमत लाकूडफाट्यापुरती उरते. खरी किंमत जागेची, आणि ती सरकारच्या वार्षिक दर तक्त्यातून काढली जाते. म्हणजे मेहनत जास्त आणि बांधकामावरच्या टक्केवारीने हाती येणार चिल्लर. इथे ठरावीक दरच बरा.

रस्त्यासाठी घर गेलं तर चित्र पालटतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात इमारतीची किंमत ठरवायला जिल्हाधिकारी अभियंत्याची मदत घेतात. तिथे घरमालकाने आगाऊ काही भरायचं नसतं. भावाभावांच्या दाव्यात मात्र अर्ज करणाराच आधी भरतो. पुढे कोर्टाने खर्च देवविला तर ती रक्कम हुकूमनाम्यातल्या खर्चाच्या तपशिलात धरली जाते, पण त्यासाठी चलनाची प्रत वेळेवर दाखल झालेली असावी लागते.