घातक कचरा गेला, मग डेब्रिज का राहिलं?

"साफ झालं म्हणे! आणि हा फोटो बघ." ऐरोलीत आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. लेक-जावयाचं अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनातलं घर जानेवारी २०२५ च्या वणव्यात गेलं. फेब्रुवारीत सरकारी माणसं आली आणि काम झाल्याची पाटी लावून गेली. फोटोत मात्र धुराडं उभं, गाडीचा सांगाडा तिथेच, आणि घराच्या जागी करड्या राखेचा ढीग. काकूंचा निष्कर्ष तयार होता: तिकडेही कागदावरच काम होतं.

तसं नव्हतं. तिकडे ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या खात्यांची. पहिली फेरी पर्यावरण खात्याची, म्हणजे ईपीएची. ती फक्त घातक कचरा उचलते. दुसरी फेरी लष्कराच्या अभियंता दलाची, ती डेब्रिज उचलते. लेकीकडे पहिली फेरी झाली होती.

डेब्रिज हा शब्द नवी मुंबईत कुणाला समजावून सांगायला नको. रात्री खाडीकाठी गुपचूप रिकामे होणारे डंपर आणि त्यांच्या मागावरचं पालिकेचं भरारी पथक, हे आपल्या ओळखीचं. विटा, सिमेंट, लोखंड, माती. त्यामुळे घातक कचरा म्हणजे विषारी आणि डेब्रिज म्हणजे निरुपद्रवी, अशी वाटणी आपण मनात करून टाकतो. घोटाळा होतो तो इथेच.

पहिल्या फेरीतली माणसं पांढरे सूट घालून राखेतून हातानं वेचतात. रंगाचे डबे, थिनर, ब्लीच, कीटकनाशक, गॅसच्या टाक्या, बंदुकीच्या गोळ्या. ओळखता येईल, वेगळं काढता येईल आणि उद्या फुटेल, पेटेल किंवा गळेल, असं सगळं. यातली सगळ्यात डोकेदुखीची वस्तू म्हणजे लिथियम बॅटरी. इलेक्ट्रिक गाडीची, घरातल्या सोलरची, स्कूटरची. जळून काळी पडली तरी आत वीज अडकलेली असते, आणि कित्येक दिवसांनी धक्का लागला तरी ती पुन्हा भडकू शकते. म्हणून ती डंपरमध्ये टाकत नाहीत. आधी मिठाच्या पाण्यात बुडवून तिच्यातली वीज संपवतात, मग पुढची विल्हेवाट. लॉस एंजेलिसच्या त्या वणव्यांनंतर ईपीएनं महिन्याभरात ९ हजारांहून अधिक जागा अशा वेचून काढल्या. जिथे भिंत कोसळायच्या बेतात होती किंवा ढिगाऱ्यात हात घालणंच शक्य नव्हतं, त्या जागा दुसऱ्या फेरीवर सोडल्या.

या वेचणीला घरमालकाची परवानगी लागली नाही. दुसऱ्या फेरीसाठी मात्र फॉर्म भरून द्यायचा होता, नाहीतर स्वतःचा ठेकेदार नेमायचा. काकूंच्या जावयानं फॉर्म भरला होता. नंबर यायचा बाकी होता, एवढंच.

दुसऱ्या फेरीत जेसीबी येतो. राख, काँक्रीट, गाड्या, मेलेली झाडं, आणि राखेखालची सहा इंचांपर्यंत माती. माती कशाला? कारण पहिली फेरी झाल्यावरही राख विषारीच असते. जुन्या रंगातलं शिसं, जुन्या घरांतलं अ‍ॅस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं घातक खनिज), वायरींचं प्लास्टिक, टीव्ही, गादी हे सगळं जळून तिच्यात मिसळलेलं असतं, आणि मिसळलेलं हातानं वेचता येत नाही. म्हणून ढीग ओला करत उचलतात आणि ट्रकमध्ये प्लास्टिक अंथरून त्यातच गुंडाळून नेतात. थोडक्यात, पहिली फेरी आज इजा करणारं काढते, दुसरी हळूहळू इजा करणारं.

काकूंना हे पटेना. "राख ती राख. आम्ही भांडी घासली की राखेनं!" त्यांचं माहेर मुरबाडकडचं. तिथे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, पालापाचोळा आणि शेण जाळतात, आणि त्या राखेवर रोपं तरारतात. येऊरच्या किंवा खारघरच्या डोंगरावर उन्हाळ्यात वणवा लागतो तेव्हाही जळतं ते मुख्यतः गवत आणि पाला. ती राखही त्याच जातीची. घराची राख वेगळी, कारण घरात झाड कमी आणि कारखाना जास्त असतो.

आपल्याकडे चाळीला किंवा गोदामाला आग लागली की दुसऱ्या दिवशी एकच जेसीबी आणि एकच डंपर, सगळं एकत्र. खरं तर घातक कचऱ्यासाठी तळोजा आणि महापे एमआयडीसीत वेगळ्या सोयी आहेत, पण तिथे जातो तो मुख्यतः कारखान्यांचा माल. आपल्याकडचा खास धोका म्हणजे छपराचे सिमेंटचे पत्रे. यात बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. देशात त्याचं खाणकाम बंद आहे, आयात आणि वापर चालू आहे. आगीत हे पत्रे फटाफट फुटतात, आणि नंतर मुकादम उरलेले घण घालून मोडायला सांगतो, गाडीत बसावेत म्हणून. तेव्हा उडणारी धूळ रुमालानं अडत नाही. पाणी मारून, न मोडता, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवणं, निदान एवढं तरी करता येतं. कोरडा झाडू तर मारूच नये.

काकूंचा शेवटचा प्रश्न वेगळाच होता. लेक म्हणत होती, डेब्रिज उचलायच्या आधी एकदा जाऊन चाळून बघते, आजीचं काही मिळतं का. मी म्हटलं, जाऊ दे तिला, पण एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, राखेवर आधी पाण्याचा फवारा, आणि पोरांना बरोबर नेऊ नको म्हणावं. काही मिळणं अशक्य नव्हतं. त्या फोटोतल्या गाडीच्या चाकांचं अ‍ॅल्युमिनियम साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, ते उतारावर ओघळून चांदीच्या पट्ट्यासारखं गोठलं होतं. स्टील मात्र टिकतं. पंधरा दिवसांनी काकूंनी नवा फोटो दाखवला: बादलीत बुडवलेली, निळी-काळी पडलेली पोळपाटाएवढी ताटली, आणि तळाशी अर्धवट वाचता येणारं आजीचं नाव.