पेट्रोल गाडी नुसती चालू-बंद करू नका
(घरात इलेक्ट्रिक आणि पेट्रोल अशा दोन्ही गाड्या असणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

इलेक्ट्रिक गाडी घरात आली की पेट्रोल गाडीचा वापर कमी होणार, हे ओघानंच आलं. रोजच्या जवळच्या फेऱ्या इलेक्ट्रिकवर होतात आणि पेट्रोल गाडी "असू दे, लांबच्या प्रवासाला लागेल" म्हणून राहते. ही वाटणी योग्यच आहे. इंजिन तापायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्यांनी पेट्रोल गाडीची सगळ्यात जास्त झीज होते, आणि नेमक्या त्याच फेऱ्या इलेक्ट्रिक गाडी विनातक्रार करते.

अडचण येते ती महिन्या-दोन महिन्यांनी. निघायची घाई, सामान डिकीत भरलेलं, चावी फिरवली तर डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात आणि बॉनेटखालून नुसती टक-टक-टक. मग आम्हाला फोन येतो आणि पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "अहो, पण मी दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेवत होतो की!"

बॅटरी त्या पाच मिनिटांनी वाचत नाही. का वाचत नाही, ते एकदा नीट सांगतो.

हिशेब बॅटरीचा

पुष्कळांचा समज असा की सेल्फ मारताना बॅटरी उतरते. सेल्फ दीड-दोनशे अँपिअर खेचतो हे खरं, पण जेमतेम एक-दोन सेकंद. तेवढी वीज अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज बनवणारा भाग) लगेच भरून काढतो. खरी गळती गाडी उभी असताना होते. कुलूप लावून तुम्ही घरात गेलात तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ आणि इंजिनाचा कंप्युटर थोडी थोडी वीज घेतच असतात. धडधाकट गाडीतही ही गळती २० ते ५० मिलिअँपिअरच्या घरात असते. मधला ४० चा आकडा धरला तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं माप), म्हणजे आठवड्याला सात. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची असेल तर साधारण तीन आठवड्यांत ती निम्म्यावर येते, तीही गाडीला कुणी हात न लावता.

आता तुमची पाच मिनिटं. इंजिन मंद फिरत असताना, पंखा-दिव्यांचा खर्च वजा जाता बॅटरीला दहा-बारा अँपिअर मिळाले असं उदार मनानं धरू. पाच मिनिटांत जमा होतो जेमतेम एक अँपिअर-अवर. आठवड्याला सात खर्च, एक जमा. शिवाय निम्मी उतरलेली आणि गार पडलेली बॅटरी मिळेल तेवढी वीजही पटकन घेत नाही. शिशाची बॅटरी बराच काळ अर्धवट राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि ते एकदा बसलं की कितीही चार्ज केली तरी तिची मूळ ताकद परत येत नाही. दोन वर्षांची बॅटरी सात वर्षांच्या बॅटरीसारखी वागायला लागते ती यामुळे.

याहून वाईट सवय म्हणजे इलेक्ट्रिक गाडीला वाट करून देण्यासाठी पेट्रोल गाडी रोज वीस फूट मागे घेणं आणि पुन्हा जागेवर लावणं. पुढे-मागे गाड्या लावणाऱ्या घरांत हे सर्रास चालतं. दार उघडलं की गाडीतले सगळे कंप्युटर जागे होतात, आणि कुलूप लावल्यावर ते पुन्हा झोपी जायला काही गाड्यांत दहा मिनिटं लागतात, काहींत अर्धा तास. तेवढ्या वेळात दिवसभराच्या गळतीइतकी वीज सहज जाते. थंड इंजिनात पेट्रोल मुद्दाम जास्त सोडलं जातं; इंजिन दहा सेकंदांत बंद केलं की ते न जळता स्पार्क प्लगवर राहतं. पुढच्या वेळी प्लग ओले, इंजिन उचलत नाही, म्हणून सेल्फ मारत राहायचं, आणि उरलीसुरली बॅटरीही गेली. जमेल तर गाड्या लावायचा क्रम बदला. रोज निघणारी गाडी बाहेरच्या बाजूला लावली की निम्मं दुखणं तिथेच संपतं.

इंजिनाचंही तेच

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. थंड इंजिनात त्यातलं काही सायलेन्सरमध्ये साचतं, काही पिस्टनच्या बाजूनं निसटून ऑइलमध्ये उतरतं. न जळलेलं पेट्रोलही त्याच वाटेनं खाली येतं. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आत पिवळट-पांढरा, मलईसारखा थर दिसला तर आम्हाला विचारायचीही गरज पडत नाही की ही गाडी चालते किती. एवढ्यानं घाबरून जाऊ नका, बहुतेक वेळा तो नुसत्या दमटपणाचा असतो. कूलंटही (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होत असेल तर मात्र गाडी लगेच दाखवा.

म्हणून नियम एकच: चालू केली तर चालवा. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास, मोकळ्या रस्त्यावर, सलग. तापमानाचा काटा मधे आला म्हणजे झालं असं समजू नका. तो काटा पाण्याचा आहे, ऑइल तापायला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. याच फेरीत पाच-दहा मिनिटं एसी लावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलना ऑइल मिळत राहतं. आणि दार बंद असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

दर आठवड्याला चालवणं जमत नसेल तर मुद्दाम पेट्रोल जाळत फिरा असा आमचा आग्रह नाही. तेव्हा बॅटरीला मेंटेनर चार्जर लावून ठेवा. हा साध्या प्लगवर चालतो, बॅटरी भरली की आपोआप हात आखडता घेतो, आणि महिनोन्महिने जोडलेला राहिला तरी चालतो. जुना साधा चार्जर असा जोडून ठेवू नका. त्याला थांबायचं कळत नाही, बॅटरीतलं पाणी उकळून जातं. मेंटेनर आम्ही विकतो, बसवूनही देतो, बॉनेट न उघडता जोडता येईल अशी वायर बाहेर काढून. दुसरीकडून घेतलात तरी हरकत नाही, फक्त तुमच्या बॅटरीचा प्रकार त्यावर लिहिलेला आहे ना ते पाहा. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) असलेल्या गाड्यांत एजीएम किंवा ईएफबी या खास प्रकारची बॅटरी असते, तिला वाटेल तो चार्जर लावून चालत नाही.

बॅटरीचा अंदाज घरीही घेता येतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी दार उघडायच्या आत साध्या मल्टिमीटरनं मोजा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेलीच समजा. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास आकडा दिसायला हवा. तो १३ च्याही खाली राहिला तर दोष बहुधा अल्टरनेटरच्या बाजूला आहे, नुसती नवी बॅटरी घालून उपयोग नाही.

इलेक्ट्रिक गाडीवरून जंप देऊ नका

हे ठळक अक्षरांत लिहायचं कारण असं की दुसरी गाडी शेजारीच उभी असते आणि जंपर केबल हाताशी असते. मोह होतोच. "तिच्यात एवढी मोठी बॅटरी आहे, मग हिला जरा दिली तर काय बिघडलं?" बिघडतं. ती मोठी बॅटरी कित्येक शे व्होल्टची असते आणि तुमची केबल तिच्यापर्यंत पोचतच नाही. केबल लागते ती इलेक्ट्रिक गाडीतल्या छोट्या १२ व्होल्ट बॅटरीला. त्या बॅटरीला कधी इंजिन फिरवावं लागत नाही. दिवे, कुलपं, कंप्युटर एवढंच तिचं काम, म्हणून ती पुष्कळदा लहान असते. तिच्यावर अचानक दीड-दोनशे अँपिअरचा भार टाकला की तो ताण तिला चार्ज करणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरवरही येतो. हा भाग महागडा असतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत अशी जंप देऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि दिल्यामुळे काही जळलं तर वॉरंटीचं बोलणंच खुंटतं.

उलट बाजू थोडी वेगळी आहे. इलेक्ट्रिक गाडीची ती छोटी बॅटरी उतरली तर मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, कधी कधी दारही उघडत नाही. कारण मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर १२ व्होल्टवर चालतात. त्यांना जागं करायला थोडीच वीज पुरते, म्हणून खिशात मावेल एवढा बूस्टरही (उतरलेल्या बॅटरीला तेवढ्यापुरती वीज देणारं छोटं यंत्र) बहुधा काम भागवतो. कुठे जोडायचा ते पुस्तिकेत पाहा, आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींच्या वाटेला जाऊ नका. दोन्ही गाड्या असणाऱ्या घरात एक बूस्टर असावा असं आमचं मत आहे. तो दोघींनाही चालतो. तीन-चार महिन्यांनी तो स्वतःच चार्ज करायचा असतो, तेवढं विसरू नका.

तुमच्या इलेक्ट्रिक गाडीला व्ही-टू-एल, म्हणजे घरगुती प्लग जोडायची सोय असेल, तर तिच्यावर पेट्रोल गाडीचा साधा बॅटरी चार्जर बिनधास्त लावा. दोन-तीन तास लागतील, पण पेट्रोल गाडी उठेल आणि कुणाचंच नुकसान होणार नाही. थेट केबल आणि हा मार्ग यांत फरक आहे, एवढंच लक्षात राहू द्या.

आम्ही बॅटरी रात्रभर का ठेवून घेतो

यावर आम्हाला बोलणी बसतात, म्हणून खुलासा. उतरलेल्या बॅटरीची तपासणी लगेच करता येत नाही. उतरलेली चांगली बॅटरी आणि खराब बॅटरी मीटरवर सारखीच दिसते. आधी ती सावकाश पूर्ण चार्ज करावी लागते, त्याला दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त जातात; मग काही वेळ शांत ठेवून लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी. आल्या आल्या नवी बॅटरी घालून पाच मिनिटांत गाडी देणं आम्हाला सोयीचं आहे आणि फायद्याचंही. पण आलेल्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याच चार्ज केल्यावर ठीक निघतात, आणि नुसती उभी राहून उतरलेली बॅटरी बदलली तर नवीही त्याच वाटेनं जाते. गळती मोजतानाही कंप्युटर झोपेपर्यंत थांबावंच लागतं. ज्यांना खरंच घाई आहे त्यांना आम्ही तेवढ्यापुरती दुसरी बॅटरी लावून देतो.

बाकी गोष्टी थोडक्यात. उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं. हलके अंश उडून जातात, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं. काही महिन्यांत न संपणारं पेट्रोल भरून ठेवू नका. टायरची हवा महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप कमी होते, तेव्हा दोन्ही गाड्यांची तपासा, पण दोन्हींना एकच आकडा सांगू नका. इलेक्ट्रिक गाडी जड असते, तिला बहुधा जास्त हवा लागते. आकडा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. सपाट जागी गाडी बरेच दिवस राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गिअरमध्ये टाकून चाकाला उटी (अडसर) लावा (ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये), म्हणजे ब्रेक पॅड चिकटत नाहीत. ब्रेकचा गंज इलेक्ट्रिक गाडीलाही चुकत नाही. तिचा वेग मोटरच कमी करते, डिस्कवर पॅड क्वचित घासतात. अधूनमधून मागे कुणी नसताना ब्रेक जरा जोरात दाबत जा. आणि इलेक्ट्रिक गाडी घरी ठेवून लांब गावाला जाताना ती शंभर टक्के भरून उभी ठेवू नका, निम्म्याच्या आसपास पुरे.

"गाडी चाललीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?" हाही नेहमीचा प्रश्न. पुस्तिकेत किलोमीटरसोबत महिनेही दिलेले असतात, आणि त्यांतलं जे आधी येईल ते धरायचं असतं. कमी चाललेल्या गाडीच्या ऑइलमध्ये काय साचतं ते वर सांगितलंच आहे. ब्रेक ऑइल तर किलोमीटर मोजतच नाही, ते हवेतलं पाणी शोषत राहतं, दोन्ही गाड्यांत.

दोन गाड्या असणाऱ्या घरांसाठी आम्ही एकत्र तपासणी ठेवली आहे. दोन्ही गाड्यांच्या १२ व्होल्ट बॅटऱ्या, पेट्रोल गाडीची उभी गळती, दोन्हींचे ब्रेक आणि टायर एकाच फेरीत पाहून होतात. गाड्या एकाच दिवशी आणायची गरज नाही. एक सोडा, दुसरी घेऊन घरी जा, आठवड्याभरात अदलाबदल करा. पेट्रोल गाडी आणताना शेवटचं पेट्रोल कधी भरलं आणि बॅटरी कधी बदलली, एवढं चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर ठेवा. इलेक्ट्रिक गाडीची दोन्ही कार्डं किंवा चाव्या आणा, आणि ॲपमध्ये काही इशारा आला असेल तर पुसून टाकायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा.