पावसाळ्यातही सांधे न उघडणारा डेस्क ऑर्गनायझर

घरी बनवलेला लाकडी डेस्क ऑर्गनायझर बहुतेक वेळा पहिल्याच पावसाळ्यात बिघडतो. कोपरे उघडतात, मधली पडदी बाहेरच्या फळीला ढकलते, तळ डगमगतो. दोष ग्लूला दिला जातो, पण खरं कारण फळ्या कापतानाच ठरून गेलेलं असतं: कुठल्या तुकड्याची रेषा (म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा) कुठल्या दिशेला गेली यावर सगळं अवलंबून असतं.

लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंनी बनलेल्या असतात. हे तंतू बहुतांशी झाडाच्या उंचीच्या दिशेनं असतात आणि पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. हवा दमट झाली की पाणी तंतूंच्या मध्ये शिरतं आणि त्यांना बाजूला सारतं. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी राहतं, ८५ टक्के असेल तर १७ टक्क्यांच्या आसपास. पाइनमध्ये ओलावा १ टक्क्यानं वाढला की फळीची रुंदी साधारण पाव टक्क्यानं वाढते. सागवान याहून कमी हलतं. पण पाइन स्वस्त, हाताच्या करवतीनं सहज कापता येणारं, आणि नवशिक्यानं त्यातच काम करावं.

आता १३६ मिलिमीटर रुंदीची पडदी उभ्या रेषेची बसवली तर काय होईल, हे हिशोबानंच दिसतं. मेपासून जुलैपर्यंत ओलावा ११ टक्क्यांनी वाढला तर ती साडेतीन मिलिमीटरच्या वर फुगेल आणि पुढची-मागची फळी सरळ उचकटून टाकेल. तीच पडदी आडव्या रेषेची असेल तर फुगवटा उंचीत जातो, आणि चारही भिंती रेषा आडवी ठेवून केल्या असतील तर सगळ्या मिळून सारख्याच उंच होतात. कुणी कुणाला ढकलत नाही. तळाला मात्र सलग लाकूड नको, प्लायच हवी. प्लायमध्ये एकाआड एक थराची रेषा काटकोनात फिरवलेली असते, त्यामुळे थर एकमेकांना रोखून धरतात.

सामान थोडंच लागतं. १२ मिलिमीटर जाड आणि ९० मिलिमीटर रुंद पाइनची फळी सव्वा मीटर, ६ मिलिमीटर प्लायचा ३१० बाय १७० चा तुकडा, पांढरा ग्लू, एक इंची आणि पाऊण इंची चुका (बारीक खिळे), गुण्या (काटकोन तपासायचं साधन), १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. पॅकिंगच्या पॅलेटची फळी वापरत असाल तर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती घरात नको.

फळी आणली की लगेच कापू नका. ऑर्गनायझर ज्या खोलीत राहणार, तिथे ती चहूबाजूंनी हवा लागेल अशी ठेवा आणि दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. एवढ्या फळीचं वजन साधारण ६५० ते ७०० ग्रॅम भरेल. फळी ओली असेल तर वजन उतरत जातं. दोन दिवसांत २-३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडेनासा झाला की फळी खोलीच्या हवेशी जुळली. ही वाट बघणं फार जणांच्या जिवावर येतं, पण ओली फळी कापली तर जोडल्यानंतर ती आकसणारच.

तुकडे असे: ३०० मिलिमीटरचे दोन, १३६ मिलिमीटरचे चार. त्या चारांतले दोन बाजूच्या भिंती, दोन पडद्या; चारही लांब तुकड्यांच्या मध्ये बसतात. आत २७६ मिलिमीटर लांबी मिळते. पडद्यांची जाडी वजा जाता २५२ उरतात. पेनांना ८०, मोबाइल उभा ठेवायला २०, आणि स्टेपलर, कात्री, चिठ्ठ्यांना १५२. पेन साधारण १४५ मिलिमीटरचं असतं, म्हणून ९० ची उंची बरोबर बसते: पेन कलंडत नाही आणि चिमटीत धरता येतं.

चारही लहान तुकडे प्रत्येक वेळी पट्टीनं मोजू नका. पहिला अचूक कापा, त्यावरूनच बाकीचे आखा, आणि शेवटी चारही एकत्र धरून टोकं घासून सारखी करा. करवत एक अंशानं तिरकी गेली तरी ९० मिलिमीटर उंचीवर दीड मिलिमीटरची फट पडते. ती ग्लूनं भरत नाही, भरली तरी टिकत नाही. टोकाकडची वलयं बघून गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवा. सुकताना फळी सालीच्या बाजूनं खोलगट होते, म्हणजे वरच्या-खालच्या कडा आत दाबल्या जातात आणि कोपरा बंद राहतो.

मोबाइलच्या चिंचोळ्या कप्प्यात नंतर हात जात नाही. त्याच्या आतल्या बाजू जोडण्याआधीच घासून पॉलिश करा, फक्त जिथे सांधा येणार तिथे १२ मिलिमीटरची चिकटपट्टी लावून लाकूड कोरं ठेवा. पॉलिशवर ग्लू धरत नाही.

कापलेल्या टोकाशी लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्या ग्लू शोषून घेतात. सांधा कोरडा राहून सुटतो. म्हणून टोकाला आधी ग्लूचा पातळ हात चोळा, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा हात देऊन जोडा. प्रत्येक सांध्याला एक इंची चुका दोन, किंचित तिरक्या, एकमेकींकडे झुकलेल्या. फळीच्या कडेपासून त्या जेमतेम ६ मिलिमीटरवर येतात, तिथे लाकूड हमखास चिरतं. चुकेहून थोडं बारीक भोक आधी पाडा, किंवा चुकेचं टोक हातोडीनं बोथट करा: टोकदार चूक तंतूंमध्ये पाचरीसारखी शिरते, बोथट चूक त्यांना चिरडत जाते.

चौकट ओली असतानाच कर्ण मोजा. ३०० आणि १६० च्या बाहेरच्या मापाला कर्ण बरोबर ३४० मिलिमीटर येतो. एक ३४२ आणि दुसरा ३३८ आला तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर हलकेच दाब द्या. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं चौकट आवळा आणि पुरता दिवस जाऊ द्या. हा ग्लू पाणी उडून घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात आणखी एक दिवस द्यावा. बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्यानं पुसू नका. तो लाकडाच्या छिद्रांत जातो आणि पॉलिशनंतर तिथे फिकट डाग उमटतात. वीसेक मिनिटांनी साईसारखा झाला की पटाशीनं खरवडा.

प्लाय आता चौकटीखाली ठेवून आखा, कापा, ग्लू आणि पाऊण इंची चुकांनी बसवा, कडा सपाट घासा. घासणं नेहमी रेषेच्या दिशेनं. १८० नंतर ओलसर फडकं फिरवून लाकडाचे केस उभे राहू द्या, वाळले की २२० मारा.

पॉलिश आतून-बाहेरून सारखंच हवं. एकाच बाजूला लावलं तर दुसऱ्या बाजूनं ओलावा भराभर ये-जा करतो आणि फळी वाकते. लाखेचं पॉलिश दिसायला सुरेख, पण स्पिरिटमध्ये विरघळतं. टेबलावर हँड सॅनिटायझर असेल तर त्याचा एक थेंबही डाग पाडतो. अशा टेबलासाठी पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन पातळ हात द्या.