कचऱ्याची परदेशी मदत: इंदूरचा खड्डा, तिमारपूरची भट्टी, सुराबायाची टोपली

कोल्हापुरात कचऱ्याचा विषय निघाला की चर्चा फिरून कसबा बावड्याच्या झूमवर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवर येते. मग कुणीतरी म्हणतोच, 'जपानसारखं करा' किंवा 'युरोपसारखी वीज काढा'. जपान आणि युरोप आपल्यासारख्या देशांत हा उद्योग कित्येक वर्षे करत आले आहेत. त्यातले काय टिकले आणि काय बंद पडले, याचा हिशेब बहुतेक एकाच गोष्टीपाशी येतो: कचऱ्यातले पाणी.

सुरुवात मात्र उलट दिशेने झाली. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खताची पद्धत बसवली. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा. त्यात पालापाचोळा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर. तीन वेळा पलटी, आणि तीन महिन्यांत खत. पलटी मारायची ती आत हवा जावी आणि जास्तीचे पाणी उडावे म्हणून. ही पद्धत इथून जगभर गेली. १९३९ मध्ये शास्त्रज्ञ सी. एन. आचार्य यांनी बेंगळुरू पद्धत मांडली. तिच्यात चर भरून वरून चिखलाने लिंपतात आणि पलटी मारतच नाहीत. मजुरी वाचते, पण पाच-सहा महिने थांबावे लागते.

स्वातंत्र्यानंतर ओघ उलटला. सत्तरच्या दशकात केंद्राने मोठ्या शहरांना यांत्रिक खत कारखान्यांसाठी पैसे दिले. कचरा मिसळलेलाच आला, खतात काचा निघाल्या, शेतकऱ्याने पाठ फिरवली आणि कारखाने एकेक करून बंद पडले.

खरा धडा तिमारपूरचा. १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने दिल्लीत कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज. भट्टीला किलोमागे १,४६२ किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता. प्रत्यक्षात आला त्यात जेमतेम निम्मी निघाली, आणि चाचणीचे २१ दिवस चालून भट्टी थंडावली. कारण साधे आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. आपल्या कचऱ्यात निम्मे पाणी धरले तर किलोमागे ३०० तिथेच गेल्या. वर माती, राख, झाडलोट, ज्यातून काहीच निघत नाही. आणि चांगला जळणारा माल म्हणजे कागद, पुठ्ठा, जाड प्लास्टिक. तो भंगारवाल्याने आधीच उचललेला असतो. युरोपात तोच माल भट्टीत पोचतो.

गाड्यांचेही तसेच. कचरा दाबून नेणारा कॉम्पॅक्टर फुगीर, हलक्या कचऱ्यासाठी बनलेला आहे. तिकडे घनमीटरला १०० ते १५० किलो भरतो, आपल्याकडे ४०० ते ५०० किलो. म्हणजे दाबायला फारसे उरतच नाही. दाबले की पाणी निघते, सील गळते आणि मंगळवार पेठेच्या बोळात मागे काळी रेघ उमटते.

याच काळात मदतीच्या नावाखाली दुसराच धंदा सुरू होता. फिलाडेल्फियातल्या भट्ट्यांची सुमारे १४,००० टन राख घेऊन 'खियान सी' हे जहाज १९८६ मध्ये निघाले. कोणताच देश ती घेईना. शेवटी काही राख हैतीच्या किनाऱ्यावर टाकली गेली, उरलेली समुद्रात. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको बंदराजवळ इटलीचा विषारी कचरा सापडला. या बोभाट्यातून मार्च १९८९ मध्ये बाझल करार झाला. तो १९९२ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी भारताने त्याला मान्यता दिली. धोकादायक कचरा पाठवणाऱ्याने घेणाऱ्या देशाची लेखी संमती आधी घ्यायची, हा त्याचा गाभा. मिसळलेले, घाण प्लास्टिक त्या चौकटीत यायला २०२१ उजाडले, तेही चीनने २०१८ मध्ये दार लावून घेतल्यावर. करार कचऱ्याची वाट अडवतो. गावातला ढीग उपसत नाही.

ढिगासाठी उपयोगी पडली ती जपानची फुकुओका पद्धत. फुकुओका विद्यापीठ आणि तिथल्या महापालिकेने ती १९७५ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. ते शहर आपल्यापेक्षा जास्त पावसाचे, हे लक्षात ठेवण्यासारखे. डेपोच्या तळाशी भोके पाडलेले मोठे पाइप उतारावर टाकतात, भोवती गोटे रचतात. ढिगातले काळे पाणी साचू न देता लगेच बाहेर काढतात. कुजण्याने आत ५० ते ७० अंश उष्णता होते, गरम हवा वर जाते आणि खालच्या पाइपातून ताजी हवा आपोआप ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही. मिथेन घटतो आणि पाण्याची घाणही कमी होते. मलेशियात आणि सामोआतल्या तफाइगाता इथे जपानी तज्ज्ञांनी हेच केले. महाग पाइप नसेल तिथे बांबू आणि भोके पाडलेली जुनी पिंपे वापरली.

बिघडते कुठे? पाइपाचे बाहेरचे तोंड हवेत उघडे असावे लागते. पाणी जमा होणारे तळे भरले आणि तोंड बुडाले, की हवा बंद. वरून दिसत काही नाही, पण आतला ढीग पुन्हा सडू लागतो. म्हणून तळ्याची पातळी तोंडाच्या खाली ठेवणे हे पावसाळ्यात रोज बघायचे काम आहे. दुसरी चूक म्हणजे चिकण मातीचे जाड आच्छादन; ते भोके आणि गोट्यांमधल्या फटी बुजवते.

सुराबायाची गोष्ट वेगळी, कारण ती ढिगापर्यंत जातच नाही. इंडोनेशियातल्या या शहरात जपानमधल्या किताक्युशू शहराचे कोजी ताकाकुरा यांनी २००४ पासून घरगुती खताची टोपली बसवली. धुण्याचे कपडे ठेवायची जाळीदार टोपली, आतून पुठ्ठा, तळाला आणि वर भाताच्या तुसाची उशी, मध्ये विरजण. विरजण स्थानिक जंतूंचे: एक द्रावण साखरेच्या पाण्यात आंबवलेल्या पदार्थांचे, दुसरे मिठाच्या पाण्यात भाज्या-फळांच्या सालींचे. दोन्ही तूस आणि कोंड्यात कालवून झाकून ठेवले की तीन ते पाच दिवसांत पांढरी बुरशी धरते. ते विरजण टोपलीत घालायचे. चार-पाच माणसांच्या घरचा रोजचा एक-दीड किलो कचरा बारीक चिरून त्यात मिसळला की एक-दोन दिवसांत ओळखू येईनासा होतो. ओलावा ४० ते ६० टक्के. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. वास आला तर समजावे की आमटी-ताक आत गेले आहे. तूस वाढवून ढवळायचे. सुराबायाने महिला मंडळांमार्फत हजारो टोपल्या फुकट वाटल्या आणि चार वर्षांत शहराचा कचरा २० टक्क्यांहून अधिक घटला. आपल्याकडे साखरेऐवजी गूळ, आंबवायला दही, आणि तूस आजरा-चंदगडच्या गिरण्यांतून. एकही वस्तू आयात करावी लागत नाही.

कोल्हापूरचे गणित २०११ च्या जनगणनेवर मांडले तरी ५ लाख ४९ हजार माणसे, दरडोई ४०० ग्रॅम, म्हणजे रोज २२० टन. त्यातला पाचवा हिस्सा घरातच जिरला तर झूमच्या वाटेवरचे ४४ टन कमी होतात. जुन्या ढिगाचे बायोमायनिंग, म्हणजे तो उकरून चाळून वेगळा करणे, मात्र पावसाळ्यात अडतेच, कारण ओला माल फिरत्या चाळणीच्या जाळीत चिकटून बसतो.

आता पैशाचे. जगभरच्या विकास मदतीतला कचऱ्याचा वाटा २०१५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात सुमारे ०.३ टक्के होता. भारतात सध्याची ठळक योजना म्हणजे शहरांच्या कचरा व्यवस्थेसाठीची केंद्राची सिटीज २.०. तिला मे २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. फ्रान्स आणि जर्मनीच्या विकास बँकांचे प्रत्येकी १० कोटी युरो कर्ज, युरोपीय संघाचे १ कोटी २० लाख युरो अनुदान. शहरांच्या प्रकल्पांचे पैसे स्मार्ट सिटीच्या यादीतल्या शहरांनाच. त्यामुळे बेळगाव आत आणि कोल्हापूर बाहेर.

तरी उद्या कुठलाही देश प्रस्ताव घेऊन आला, तर आधी स्वतःचे आकडे हाताशी हवेत. वेगवेगळ्या प्रभागांच्या घंटागाड्यांतला कचरा एकत्र कालवायचा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच, दहा-पंधरा किलो उरेपर्यंत. त्यातला नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईतो वाळवायचा. घटलेले वजन म्हणजे पाणी. हे मे, ऑगस्ट आणि डिसेंबर अशा तिन्ही महिन्यांत करायचे, आणि यंत्राची निविदा ऑगस्टच्या आकड्यावर काढायची.