बॉडी तीच, सेन्सर वेगळा: कॅमेऱ्यातल्या मापांचा इतिहास

पॅनासोनिकने २०२३ सालात दोन मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे बाजारात आणले. जानेवारीत जाहीर झाला ल्युमिक्स एस५ टू, सप्टेंबरात ल्युमिक्स जी९ टू. लेन्स काढून दोन्ही शेजारी ठेवले, तर नावाची पट्टी वाचल्याशिवाय सहज ओळखू येत नाहीत. लांबी-रुंदी-जाडी सारखी, बॅटरी तीच. वजन एकाचं ७४० ग्रॅम, दुसऱ्याचं ६५८. मेगापिक्सेल २४ आणि २५. मोठा फरक आत आहे. एस५ टूचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे फुल फ्रेम. जी९ टूचा १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, म्हणजे मायक्रो फोर थर्ड्स. क्षेत्रफळात जवळपास चौपट तफावत.

सेन्सर चौथाई आणि डबा मात्र तेवढाच! मग लहान सेन्सर घ्यायचा कशाला? उत्तर लेन्समध्ये मिळतं. एस५ टूसाठी पॅनासोनिकची २४-७० एफ/२.८ लेन्स आहे ९३५ ग्रॅमची. जी९ टूवर तेवढंच दृश्य टिपणारी १२-३५ एफ/२.८ लेन्स जेमतेम ३०५ ग्रॅमची. इथपर्यंत लहान सेन्सरची सरशी. पण ही तुलना तितकी सरळ नाही.

एफ/२.८ हा आकडा दोन्हीकडे सारखा असला, तरी त्यामागचं, लेन्समधून प्रकाश आत सोडणारं छिद्र सारखं नसतं. फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या २४, ७० अशा मिलिमीटरच्या आकड्याला, त्या एफच्या आकड्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. लहान सेन्सरवर २५ मिमीची लेन्स एफ/१.४ ला उघडली की छिद्र होतं सुमारे १८ मिमीचं. फुल फ्रेमवर तेवढंच दृश्य ५० मिमीची लेन्स दाखवते, आणि तिचं छिद्र एफ/२.८ लाच १८ मिमी होतं. समोरचा माणूस तोच, अंतर तेच, छिद्र तेवढंच. म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांत शिरणारा एकूण प्रकाश सारखा, पार्श्वभूमीचा धूसरपणाही सारखाच. या हिशेबाने १२-३५ एफ/२.८ ची खरी जोडी २४-७० एफ/५.६ शी लागते. एस५ टूसोबत किट म्हणून मिळणारी २०-६० एफ/३.५-५.६ लेन्स ३५० ग्रॅमची आहे. ३०५ विरुद्ध ३५०. दुकानात हा हिशेब सहसा कुणी मांडून दाखवत नाही.

मग ही मापं आली कुठून? प्रकाशशास्त्राने काही ३६ बाय २४ च हवं असं सांगितलेलं नाही. प्रत्येक मापामागे त्या त्या काळातली कुठली ना कुठली काटकसर आहे.

सर्वांत जुनी काटकसर ऑस्कर बार्नाकची. जर्मनीतल्या वेत्झलार गावी लाइट्झ कंपनीत तो तंत्रज्ञ होता, दम्याचा रुग्ण होता, आणि काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा डोंगरांवर वाहून नेणं त्याला झेपत नव्हतं. सिनेमाची ३५ मिमी फिल्म बाजारात तयार मिळत होती. सिनेमात ती उभी सरकते आणि एका चौकटीला २४ बाय १८ मिमी जागा मिळते. बार्नाकने फिल्म आडवी सरकवली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. २४ बाय ३६ हे माप जन्मलं ते असं. त्याचा पहिला नमुना १९१३-१४ चा. त्याच १९१३ साली, त्याच ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेला दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट गिरगावात झळकला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, कच्चा माल मात्र एकच. बार्नाकचा हा कॅमेरा लायका नावाने प्रत्यक्ष विक्रीला आला १९२५ मध्ये. प्लेटवाल्या व्यावसायिकांना तो खेळण्यातला वाटे. आज ज्याला मोठा सेन्सर म्हणून मान आहे, तो आकार तेव्हा लहानांतला लहान होता, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पुढे त्याचाही अर्धा तुकडा झाला. ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानी यांनी १९५९ मध्ये पेन कॅमेरा आणला. तो एका चौकटीत दोन फोटो बसवायचा, त्यामुळे ३६ च्या रोलमधून ७२ फोटो निघत. फिल्मचा खर्च निम्मा आणि कॅमेरा खिशात मावणारा. १९९६ मध्ये कोडॅक, फुजीफिल्म, कॅनन, निकॉन आणि मिनोल्टा या पाच कंपन्यांनी मिळून एपीएस नावाची नवी, लहान फिल्म काढली. फिल्म फारशी चालली नाही. डिजिटलने तिला उभंच राहू दिलं नाही. मागे उरलं ते तिच्या एका चौकटीचं, २५.१ बाय १६.७ मिलिमीटरचं माप. डिजिटल सेन्सर साधारण त्याच मापाचे निघाल्यामुळे त्यांना एपीएस-सी हे नाव चिकटलं.

डिजिटलच्या सुरुवातीला सेन्सर लहान ठेवावा लागला त्याचं कारण चिपच्या कारखान्यात होतं. सिलिकॉनच्या गोल चकतीवर अनेक सेन्सर एकदम छापले जातात. चकतीवर कुठेतरी धुळीचा कण किंवा दोष असतोच, आणि तो ज्या तुकड्यात येईल तो तुकडा बाद. तुकडे लहान असतील तर शेकड्यातले थोडेच जातात. तुकडे मोठे असतील तर मुळातच कमी बसतात आणि त्यातलेही बरेच वाया जातात. शिवाय छपाईच्या यंत्राचं क्षेत्र एका वेळी साधारण २६ बाय ३३ मिमी असतं. ३६ मिमी लांबीचा सेन्सर त्यात मावत नाही. तो भागाभागाने छापून सांधावा लागतो. म्हणून क्षेत्रफळ सव्वादोन पट झालं की किंमत तेवढ्यावर थांबत नाही, कित्येक पटींनी चढते. निकॉनच्या १९९९ च्या डी१ मध्ये २३.७ बाय १५.६ मिमीचा सेन्सर होता तो यामुळेच. गंमत अशी, की हे माप बार्नाकने दुप्पट करायला घेतलेल्या मूळ सिनेचौकटीच्या अगदी जवळ जातं. कॅननने २००२ मध्ये ईओएस-१डीएसमधून फुल फ्रेम दिला, पण किंमत आठ हजार डॉलर होती. २००५ चा ५डी साडेतीन हजारांच्या आत आला, तेव्हा कुठे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना तो परवडू लागला.

सेन्सर लहान केला तरी कॅमेरा मात्र लहान होत नव्हता. एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मधोमध, दृश्य व्ह्यूफाइंडरकडे म्हणजे डोळा लावायच्या खिडकीकडे वळवणारा तिरका आरसा असतो. फोटोच्या क्षणी तो वर उडतो, त्यासाठी जागा ठेवावी लागते. निकॉनच्या १९५९ च्या एफ माउंटमध्ये, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते त्या कडीत, माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी होतं. लोकांकडच्या जुन्या लेन्स चालाव्यात म्हणून डिजिटल बॉडीतही ते तसंच ठेवलं गेलं. सेन्सर आक्रसला, आरशाची खोली तेवढीच राहिली.

ऑलिंपसला असं जुनं ओझं फारसं नव्हतं. ऑटोफोकसच्या शर्यतीत तिची एसएलआर मागे पडली होती आणि जपण्याजोगा लेन्सांचा पसारा नव्हता. कोडॅकला सोबत घेऊन तिने फोर थर्ड्स नावाचं, डिजिटलसाठीच बेतलेलं माप आखलं: १७.३ बाय १३ मिमी. पहिला ई-१ कॅमेरा २००३ चा. त्यातही आरसा होताच, त्यामुळे लहान सेन्सरचा फायदा बॉडीत उतरला नाही. लोक विचारू लागले, सेन्सर चौथाई आणि कॅमेरा तेवढाच, मग आम्ही काय मिळवलं? मला वाटतं, आरसा काढून टाकायची निकड ऑलिंपसला इतरांपेक्षा जास्त भासली ती यातूनच.

ऑगस्ट २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासोनिक यांनी मायक्रो फोर थर्ड्स जाहीर केलं. सेन्सर तोच. आरसा गेला आणि माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निम्म्यावर आलं. सप्टेंबरात पॅनासोनिकचा जी१ जाहीर झाला. आज आपण मिररलेस म्हणतो त्या जातीचा हा पहिला कॅमेरा. व्ह्यूफाइंडरच्या जागी छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा, फोकसचं कामही थेट सेन्सरवरूनच. पुढच्या वर्षी ऑलिंपसने पेनच्या पन्नाशीचं निमित्त साधून ई-पी१ काढला.

मग सगळेच उतरले. सॅमसंग आणि सोनीने २०१० मध्ये एपीएस-सी मापात मिररलेस आणले. निकॉनने २०११ मध्ये त्याहूनही लहान, १३.२ बाय ८.८ मिमीचा सेन्सर निवडला आणि २०१८ मध्ये ती मालिका गुंडाळली. निकॉनसारखी कंपनी आपल्याच एसएलआरला धक्का लागू नये म्हणून मुद्दाम पिछाडीवर खेळली, असं तेव्हा अनेकांचं मत होतं. माझंही तेच आहे.

खरी कलाटणी २०१३ च्या शरद ऋतूत मिळाली. सप्टेंबरात ऑलिंपसचा ई-एम१ आला, बॅटरीसकट ४९७ ग्रॅम. ऑक्टोबरात सोनीचा ए७ आला, फुल फ्रेम, बॅटरीसकट ४७४ ग्रॅम! एपीएस-सीसाठी काढलेल्या माउंटमध्येच सोनीने फुल फ्रेम सेन्सर बसवून दाखवला होता. ई-एम१ ची पकड जास्त भरीव, बांधणी जास्त दणकट, हे खरं. पण लहान सेन्सरला लहान बॉडी मिळावी म्हणून ज्यांनी आरसा काढला, त्याचा लाभ मोठ्या सेन्सरने उचलला होता. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, निकॉनने झेड आणि कॅननने आर मालिका काढली, दोन्हींची सुरुवात फुल फ्रेमने. त्याच वर्षी पॅनासोनिकने लायका आणि सिग्माशी हातमिळवणी करून फुल फ्रेममध्ये उडी घेतली. एस५ टू त्याच वाटेवरचा कॅमेरा आहे. ऑलिंपसने २०२१ च्या सुरुवातीला कॅमेऱ्याचा धंदाच वेगळ्या कंपनीकडे सोपवला. ओएम सिस्टिम हे नाव त्यानंतरचं.

बॉडीचा मुद्दा असा निकालात निघाला. लांब पल्ल्याच्या लेन्सचा मात्र निघाला नाही. ऑलिंपसची ३०० मिमी एफ/४ लेन्स सुमारे पावणेतेरा-शे ग्रॅमची आहे आणि ६०० मिमीइतकं दृश्य देते. फुल फ्रेमवरची कॅननची ६०० मिमी एफ/४ तीन किलोंच्या वर जाते. भिगवणला पाणपक्ष्यांसाठी दिवसभर होडीत बसणाऱ्याच्या खांद्याला हा फरक लगेच कळतो. अर्थात वरचाच हिशेब इथेही लागू: ३०० एफ/४ ची प्रकाशातली बरोबरी ६०० एफ/८ शी, एफ/४ शी नव्हे. ऊन चढलेलं असेल तर त्याने काही बिघडत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात बिघडतं. आणि २०२० मध्ये कॅननने फुल फ्रेमसाठीच ६०० मिमी एफ/११ लेन्स काढली, ९३० ग्रॅमची. प्रकाश ऑलिंपसच्या जोडीपेक्षा कमी, ॲपर्चर म्हणजे छिद्र बदलायची सोय नाही, पण वजनही कमी आणि किंमतही.